से कॅथेड्रलची कॅथरीन, गंजिफाच्या बारा पानांत: कामाच्या नोंदी

2 जून, सावंतवाडी

काम ठरलं. बारा गोल लाकडी फलक, प्रत्येकाचा व्यास 12 इंच, पद्धत सावंतवाडीच्या गंजिफाची, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची. दशावतारी गंजिफात दहा रंग असतात (पत्त्यांतल्या इस्पिक-बदामासारखे, दर अवताराचा एक) आणि प्रत्येक रंगाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. एकूण 120. त्यात मी अकरावा रंग घालते आहे, ख्रिस्ती हुतात्मा संत कॅथरीनचा. नोव्हेंबरअखेर पणजीत आम्हां काही चित्रकारांचं सामूहिक प्रदर्शन आहे. विषय जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधल्या संतप्रतिमा, आणि प्रत्येकाला एक भिंत.

गंजिफाच का, असं आयोजकांनी विचारलं. गंजिफात अवतार खुणेवरून ओळखायचा असतो: मत्स्याचा मासा, परशुरामाचा परशू. संतांचंही तसंच. पीटरच्या हातात किल्ल्या, सेबॅस्टियनच्या अंगात बाण, कॅथरीनच्या पायाशी मोडकं चाक. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही समोर कोण आहे ते कळावं, ही सोय दोन्हीकडे आहे. संतप्रतिमेवरून आजचं काम करायचं म्हणजे चेहरा पुसायचा किंवा मूर्तीचे तुकडे मांडायचे, ही वाट आता फार मळलेली आहे आणि मला ती नको. आल्तारासमोर, म्हणजे चर्चमधल्या वेदीसमोर, रोज गुडघे टेकणाऱ्या बाईला आपली कॅथरीन ओळखता आली पाहिजे. ती अट मी स्वतःला घालून घेतली आहे.

9 जून, जुने गोवे

रेखाटनं करायची तर पावसाळ्यात या. 24 नोव्हेंबरपासून संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताचे (सणाचे) नोव्हेने, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू होतात, 3 डिसेंबरला फेस्त असतं, आणि तेव्हा इथे वही उघडायला जागा नसते. आज आत बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी) कधी आहे ते आधी विचारून घ्यावं, त्या वेळात वही बंद ठेवावी.

हे कॅथेड्रल कॅथरीनचं झालं ते तारखेमुळे. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्कने 25 नोव्हेंबर 1510 रोजी गोवा घेतलं, तो तिच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली होती. माझ्या भिंतीवरच्या मजकुरात हे वाक्य जाणार, असं मी आयोजकांना आजच कळवलं आहे. आत्ताची इमारत 1562 मध्ये सुरू झाली, 1619 मध्ये पुरी झाली, 1640 मध्ये तिचा अभिषेक झाला. समोरच्या दोन मनोऱ्यांपैकी एक 1776 मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधला नाही.

कामाच्या दृष्टीने महत्त्वाचं अंतर. वास्तू सुमारे 250 फूट लांब आहे. दारातून मुख्य आल्तार म्हणजे नुसतं सोनं आणि काळोखाच्या खाचा. कॅथरीनच्या आयुष्यातले आणि हौतात्म्याचे कोरीव प्रसंग पुढे चालत गेल्यावर एकेक करून सुटे होतात. म्हणजे फलकाला दोन अंतरं हवीत: लांबून सोनं दिसलं पाहिजे, जवळून खूण. गंजिफाचं खरं पान हातात धरायचं असतं, त्यामुळे बारीक रेघेवर भिस्त ठेवून 12 इंचाचा फलक भिंतीवर चालणार नाही. बाह्यरेषा जाड घ्यायची आणि जमीन, म्हणजे मागचा रंग, एकच ठेवायचा. लाल.

21 जून

पांगाऱ्याच्या चकत्या कापून आणल्या. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याची, हलकं लाकूड, कापायला मऊ. आठवडाभरात बहुतेक सगळ्या चकत्या वाटीसारख्या वळल्या. लाकूड याच वर्षी तोडलेलं होतं, विकणाऱ्याने वाळलेलं म्हणून दिलं. लाकूड आणि कापणावळ मिळून 4,200 रुपये पाण्यात गेले.

गावातल्या एका ज्येष्ठ चिताऱ्यांकडे गेले. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांनी चकती पालथी करून नखाने दाबून पाहिली. “गो बाये, ह्यां अजून ओलां आसा. फळी जुनी व्हयी.” पांगारा हातभर खेळण्याला चांगला, रुंद सपाट फळीला नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

29 जून

पाडलेल्या घराच्या फणसाच्या फळ्या मिळाल्या, 2,400 रुपयांत. पिवळ्याच्या तांबूस झालेल्या, वर्षानुवर्षं वाळलेल्या. दोन फळ्या जोडून चकती केली. मागच्या बाजूला सुताराकडून दोन आडव्या खाचा पाडून घेतल्या आणि त्यांत सरकत्या पट्ट्या बसवल्या. पट्टीला सरस लावायचा नाही. ग्रीक आणि रशियन संतप्रतिमांच्या जुन्या फळ्यांना मागून अशाच पट्ट्या असतात. लाकूड फुगतं-आकसतं तेव्हा पट्टी खाचेत सरकते, फळीला वळू देत नाही आणि चिरूही देत नाही. आमच्या सुताराला हे पटेना, तो फेव्हिकॉलची बाटली घेऊनच उभा होता. एका चकतीला त्याच्या मनासारखं चिकटवून पाहिलं. ती पंधरवड्यात जोडावर उकलली, बाकीच्या सरळ राहिल्या. सुतारकाम 6,000.

12 जुलै

खळ. चिंचोके भाजायचे, भिजवायचे, तांबडी सालं काढायची, पाट्यावर वाटायचे, रात्रभर पाण्यात ठेवून मंद आचेवर शिजवायचे. फळीवर जुन्या धुवट सुती धोतराचा तुकडा या खळीने चिकटवायचा, वर खळीत व्हाइटिंग पावडर (खडूची भुकटी) कालवून एकावर एक पातळ थर द्यायचे. प्रत्येक थर वाळला की गुळगुळीत गोट्याने घोटायचा.

पहिल्या फलकांवर थर पापुद्र्यासारखा सुटला. कारण खळ पातळ. काकांनी खळीत पळी उभी करून दाखवली. “चमचो उभो रवाक व्हयो, तेवा खळ झाली.” दुसरं कारण मी शोधलं: पहिला थर नुसत्या खळीचा हवा, पावडरीशिवाय, आणि तो कापडात बोटांनी चोळून मुरवायला हवा. ब्रशने दिलेला थर कापडाच्या वर बसतो, आत जात नाही.

20 जुलै

बुरशी. सहा फलकांवर करडे ठिपके, खोलीत आंबूस वास. खळीत चिमूटभर मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पुस्तकबांधणीवालेही घालतात. प्रमाण जरा वाढलं तर पांढऱ्या जमिनीवर हिरवट झाक येते. एका फलकावर ती आलीच. पण त्यावर लाल चढणार असल्याने तो वाचला. पांढरं उघडं राहणार असेल तर मोरचूद वापरू नका. खळ रोजच्यापुरतीच शिजवा आणि फलक पंख्याखाली उभे करून वाळवा. आडवे ठेवले की खालची बाजू ओली राहते. बुरशी आलेले थर खरवडून पुन्हा दिले. जवळजवळ दोन आठवडे त्यातच गेले.

4 ऑगस्ट

आजपासून चित्र. आधी अंकांची पानं.

हा भाग माझ्या डोक्यात महिनाभर घोळत होता. गंजिफाच्या निम्म्या रंगांत दश्शी वरचढ असते आणि एक्का सगळ्यांत हलका. उरलेल्या निम्म्यांत क्रम उलटा असतो, तिथे राजा-प्रधानांच्या खालोखाल एक्का. कॅथरीनचा रंग उलट्या क्रमाचा केला. दश्शीवर दहा अखंड चाकं. नव्वीवर एका चाकाला तडा. आकडा उतरत जाईल तसं मोडणं वाढत जातं, आणि एक्क्यावर एकच चाक, पार फुटलेलं. आख्यायिकेप्रमाणे तिला चाकावर मारायचं ठरलं, तिचा स्पर्श होताच चाक मोडलं, मग तलवारीने शिरच्छेद झाला. छळणाऱ्याची दहा चाकं एका मोडक्या चाकापुढे हरतात, आणि हे सांगायला मला नवीन काही रचावं लागलं नाही, खेळाच्या नियमातच होतं. या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त आनंद याच गोष्टीने दिला.

11 ऑगस्ट

मांडणीच्या अडचणी. कडेचा पट्टा एक इंच, आत दहा इंचांचं वर्तुळ. दश्शीची चाकं तीन-चार-तीन अशा ओळींत, प्रत्येक सव्वादोन इंचांचं. याहून मोठं केलं तर मधली ओळ पट्ट्याला भिडते. सत्ती सर्वांत सुरेख बसली, मधे एक आणि भोवती सहा. पंजी चारही बाजूंनी मोकळी पडली, तिथे चाकं मोठी केली.

मोठी अडचण वेगळीच निघाली. मडगावच्या एक निवृत्त शिक्षिका, आम्ही त्यांना टीचर म्हणतो, फलक पाहायला आल्या. त्यांनी बराच वेळ पाहिलं. “चाक बरें जालां. पूण काटे खंय?” त्यांच्या आधी शेजारच्या मुलांनी याच चाकांना कृष्णाचं चक्र म्हटलं होतं. दोघांचंही बरोबर होतं. गुळगुळीत कडेचं चक्र म्हटलं की आपल्याकडे सुदर्शनच डोळ्यांसमोर येतं. कॅथरीनचं चाक छळाचं हत्यार आहे, त्याच्या धावेवर पाती असतात. मग प्रत्येक चाकाला आठ आरे आणि आऱ्यांच्या टोकांशी आठ वाकडी पाती काढली. तयार झालेल्या चार फलकांवरची चाकं पुसून पुन्हा काढावी लागली. सव्वादोन इंचांच्या चाकावर आठ पाती म्हणजे शून्य नंबरचा ब्रश आणि दर पात्याला एकच फराटा. पात्याचं टोक चाक फिरतं त्या दिशेला हवं. उलट काढलं की ती फुलाच्या पाकळीसारखी दिसतात.

18 ऑगस्ट

रंगांविषयी थोडक्यात. जुनं लाल हिंगुळाचं, जुनं पिवळं हरताळाचं. पहिल्यात पारा, दुसऱ्यात आर्सेनिक. घरात मुलं असतील तर दोन्हींच्या वाटेला जाऊ नका. मी काव आणि तयार लाल मिसळून बाभळीच्या डिंकात घोटलं. डिंक जास्त झाला तर रंग वाळल्यावर तडकतो, कमी झाला तर बोटाला लागतो. बोटाला किंचित लागेल इतपतच ठेवा, वरून लाख येणारच आहे. रंग आणि ब्रश मिळून 3,800.

30 ऑगस्ट

राजाचं पान. इथे कॅथरीन स्वतः.

नेसवायचं काय, यावर अडले होते. चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांची आठवण ठेवून ठरवलं. 1902 मध्ये गोव्यात जन्मलेले, शांतिनिकेतनात शिकलेले, पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम केलेले. त्यांनी मेरीला साडी नेसवली आणि त्यापायी गोव्यात रोष ओढवून घेतला. 1967 मध्ये ते गेले. त्यांची बरीच चित्रं आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपलेली आहेत, आणि आज ती पाहताना साडी कुणाला खुपत नाही. माझ्या कॅथरीनलाही साडीच, जांभळी, सोनेरी काठाची. मुकुट मात्र काढला नाही, ती राजघराण्यातली. तलवार आणि ग्रंथही ठेवले. टीचरांनी एकच बदल सुचवला: तलवार हातात उगारलेली नको, टेकवलेली हवी. ती तिच्यावर चाललेली तलवार आहे, तिने चालवलेली नाही. लगेच बदललं.

बसवलं गंजिफाच्या राजासारखं, मखरात. मखराचे खांब कॅथेड्रलच्या आल्तारावरून घेतले.

7 सप्टेंबर

प्रधान. गंजिफात प्रधान घोड्यावर असतो, ती त्याची ओळख. इथे कोण बसवायचा? देहदंड देणारा सम्राट हा पहिला विचार होता, पण कॅथरीनचा प्रधान तिचा वैरी कसा असेल? कॅथरीनचा देह देवदूतांनी सिनाई पर्वतावर नेला अशी श्रद्धा आहे. तिथे सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात बांधवलेला मठ आज तिच्याच नावाने ओळखला जातो, आणि जगातल्या सर्वांत जुन्या संतप्रतिमांपैकी काही तिथेच टिकून आहेत. मेणात कालवलेल्या रंगांची ख्रिस्ताची सहाव्या शतकातली प्रतिमा त्यांत आहे. तेव्हा प्रधान देवदूत.

पंख आणि घोडा एका वर्तुळात मावेनात. उघडे पंख कडेच्या पट्ट्यावर जात होते. घोडा काढला तर प्रधान ओळखू येत नाही, पंख काढले तर देवदूत. शेवटी पंख मिटवून घोड्याच्या पाठीवर झुलीसारखे खाली सोडले आणि त्याच्या हातात ग्रंथ दिला. 50 तत्त्ववेत्त्यांना वादात हरवणाऱ्या कॅथरीनचा ग्रंथ. हा फलक आता राजापेक्षा सरस झाला आहे असं मला वाटतं.

19 सप्टेंबर

सोनं. बाराही फलकांच्या पट्ट्यांना खरं सोनं परवडणार नाही. बाजारातला पितळी वर्ख खाऱ्या हवेत काळवंडतो. मिठाईवाल्यांना माल देणाऱ्या दुकानातून चांदीचा वर्ख आणला, 1,900 रुपयांचा, आणि त्यावर दाणा लाखेचे दोन पातळ हात दिले. दाणा लाख मधाच्या रंगाची असते, चांदीवर चढली की सोनं दिसतं. पंखा बंद, खिडक्या बंद, तोंडाला रुमाल. हा वर्ख श्वासानेही उडतो. बोट लावायचं नाही, खालचा कागद धरून पालथा करायचा. चिकटवायला बाभळीचा डिंक आणि थेंबभर मध. चांदी उघडी ठेवून रात्र काढू नका, त्याच दिवशी लाख द्या, नाहीतर ती पिवळी पडून मग डागाळते.

खरं सोनं फक्त मुकुटाला आणि एक्क्याच्या मोडक्या चाकाला. 25 पानांची वही, 7,800. अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटल्यावर एक्का खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वेगळा दिसतो. तेच हवं होतं.

28 सप्टेंबर

घाई नडली. पाऊस उघडला असं समजून सगळ्या चित्रांवर लाखेचा हात दिला. दुपारी सर आली आणि संध्याकाळपर्यंत पाच फलकांवर दुधाळ धुकं. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं दव त्यावर बसतं आणि लाखेत अडकतं. काकांनी आधीच सांगितलं होतं: “घाई केलंस तर लाख पांढरी पडतली.”

उपाय झाला. छोट्या खोलीत जुने पिवळे बल्ब रात्रभर लावून हवा कोरडी केली, फलक आधी त्या खोलीत तासभर तापू दिले, मग बोळ्यावर नुसतं स्पिरिट अगदी थोडं घेऊन हलकेच फिरवलं. धुकं विरलं. बोळा ओला असेल तर मात्र खालचा रंग उचलला जातो. अठ्ठीवरच्या एका चाकाचं तसं झालं, ते पुन्हा काढलं. लाख आणि स्पिरिट 2,300. यापुढे दसऱ्याआधी लाखेला हात लावायचा नाही.

16 नोव्हेंबर

बांधाबांध. वाळलेली दिसणारी लाख आतून महिनाभर मऊ असते. चाचणीसाठी एक फलक बबल रॅपमध्ये गुंडाळून उन्हात ठेवला, त्यावर गोल-गोल छाप उठले. आता आधी बटर पेपर, मग सुती कापड, मग बबल रॅप, आणि फलक पेटीत उभे. टेम्पो बांदा-पत्रादेवी मार्गे, 3,500.

20 नोव्हेंबर, पणजी

भिंत लावायला पूर्ण दिवस. आयोजकांची कल्पना आल्तारासारखी मांडणी करण्याची होती: मधे राजा, भोवती बाकीचे. लावून पाहिलं. शोभा आली, पण क्रम हरवला. एक्का कोपऱ्यात एकटा पडला आणि चाकं मोडत जातात हे कुणाला कळेना. उतरवून एका ओळीत लावलं, डावीकडे राजा आणि प्रधान, त्यांना लागून एक्का, मग चढत्या आकड्याने दश्शी. फलकांचा मध्य जमिनीपासून पाच फूट. टीचर उंचीने लहान, त्यांना उभं करूनच ती उंची ठरवली.

लाखेवर दिव्यांचा झोत आरशासारखा परतत होता, चित्र दिसतच नव्हतं. दिवे वर सरकवून तिरके केले आणि चित्रभागावर मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ हात चोळला, सोनेरी पट्ट्यावर नाही. आता सोनं चमकतं आणि चित्र शांत राहतं. कोकणी देवनागरी आणि रोमी अशा दोन्ही लिप्यांत, शिवाय मराठी आणि इंग्रजी अशा पाट्या छापल्या. पहिल्या छपाईत देवनागरी कोकणीतले अनुस्वार गळाले होते, त्या परत केल्या. 1,800.

25 नोव्हेंबर

उघडलं. दिवसभर भिंतीपाशी उभी राहिले, लोक काय वाचतात ते ऐकायला. बहुतेक जण दश्शीकडून सुरुवात करतात, कारण दार त्या बाजूला आहे. हे आधी लक्षात घेऊनच आकडे उजवीकडे चढवले होते, त्यामुळे दारातून आलेला माणूस अखंड चाकांकडून मोडक्याकडे जातो. गंजिफा माहीत नसलेल्यांनी चाक ओळखलं, कॅथरीन माहीत नसलेल्यांनी राजा-प्रधान ओळखले. 1510 च्या वाक्यापाशी दोघे-तिघे थांबून बोलले. एका गृहस्थांना ते इथे नको होतं असं वाटलं. त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं, वाक्य राहू दिलं.

8 डिसेंबर, सावंतवाडी

फलक परत आले. वातानुकूलित सभागृहाच्या कोरड्या हवेमुळे छक्कीच्या जोडावर केसाएवढी चीर पडली आहे. पट्टी खाचेत अडकली होती, एका बाजूला लाख शिरून घट्ट झालेली. लाख देताना मागच्या खाचा मेणाने बुजवायला हव्यात, आता बाकीच्या सगळ्या मोकळ्या करून घेतल्या. चीर लगेच भरायची नाही. इथल्या हवेत लाकूड पुन्हा फुगून कितपत मिटते ते पाहून उरेल तेवढीच खळ-पावडरीने भरायची.

एकूण खर्च 34,850 रुपये. वर न सांगितलेला भाग म्हणजे कापड, चिंचोके, मोरचूद आणि पावडर, 1,150. माझी मजुरी यात धरलेली नाही.

दोघांनी एक्का एकटा विकत मागितला, एकाने प्रधान. सुटी पानं देणार नाही, रंग पुरा राहिला तरच उलटा क्रम कळतो. पुरा संच कुणी भिंतीवर ओळीने लावणार असेल तर द्यायची तयारी आहे. मार्चपर्यंत कोरडी हवा आहे तोवर सेबॅस्टियनच्या बाणांच्या रंगासाठी फणसाच्या फळ्या शोधते आहे. जुन्या फळ्या असलेलं घर कुठे पाडत असतील तर सावंतवाडी परिसरातल्यांनी सांगावं.